रिकामा स्लॉट : जुन्या लॅपटॉपच्या रॅमची ओळख

११ जून २०१२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकाच कार्यक्रमात ॲपलने दोन प्रकारचे मॅकबुक प्रो जाहीर केले. एक जुन्याच बांध्याचा, जाडसर. त्याच्या पाठीचे दहा स्क्रू काढले की आतली रॅम कोणालाही बदलता येत होती. दुसरा नव्या रेटिना पडद्याचा, सडपातळ, आणि त्याची रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली. पहिला घेणारा माणूस ४ जीबीवर सुरुवात करून पुढे गरज पडेल तशी रॅम वाढवू शकत होता. दुसरा घेणाऱ्याला पुढच्या सगळ्या वर्षांचा अंदाज दुकानाच्या काउंटरवरच बांधावा लागत होता. यंत्रे उघडून त्यांच्या दुरुस्तीची माहिती लोकांपुढे ठेवणाऱ्या आयफिक्सिटने रेटिना मॉडेलला दुरुस्तीच्या सोयीबद्दल दहापैकी एक गुण दिला. बाजार मात्र त्याच्याच मागे गेला, आणि पुढच्या दहा वर्षांत पातळ लॅपटॉप म्हटला की रॅम सोल्डर केलेली असणार, हे लोकांनी जवळजवळ गृहीत धरले.

तो जाडसर मॅकबुक प्रो चिवट निघाला. त्याचे तेरा इंची मॉडेल ऑक्टोबर २०१६ पर्यंत विक्रीत होते. कंपनीच्या कागदपत्रांत त्याची कमाल रॅम ८ जीबी लिहिलेली आहे. प्रत्यक्षात आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक लावून तो १६ जीबीवर बिनतक्रार चालतो. कंपनी जी मर्यादा छापते ती तिने त्या वेळी विकलेल्या आणि तपासलेल्या जोडणीची असते, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर त्याहून जास्त पेलू शकतो. अशी रॅम आणि सोबत एसएसडी लावलेली ही यंत्रे आजही लेखन, हिशोब, फोटोंची निवड अशी रोजची कामे करताना दिसतात. पोटातल्या दोन लहान स्लॉटनी त्यांचे आयुष्य वाढवले.

हे पुस्तक त्या स्लॉटविषयी आहे. त्याचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर : रॅम विकत घेण्याआधी आपले यंत्र ओळखा. त्याला कोणती रॅम लागते, किती चालते, आणि मुळात त्याचे दुखणे रॅमचेच आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती असली तर उरलेले काम अर्ध्या तासाचे आहे. उत्तरे नसताना केलेली खरेदी बहुतेक वेळा ड्रॉवरमध्ये पडून राहते.

विषयाला नव्याने भिडणाऱ्यांसाठी थोडे मागून सुरुवात करतो. उघडलेली फाइल, ब्राउझरमधले टॅब, आत्ता टाइप होत असलेले वाक्य, हे सगळे संगणक रॅममध्ये धरून ठेवतो. वीज गेली की ते पुसले जाते. ही जागा एके काळी किती मोलाची होती याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची मेमरी तारांत ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्यांची होती आणि तिच्यात ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापात हे १० केबी झाले. ८ जीबीच्या एका स्टिकमध्ये टिफ्रॅकच्या मेमरीसारख्या आठ लाखांहून अधिक मेमरी बसतील. त्या १० केबीवर आपल्या शास्त्रज्ञांनी खरीखुरी आकडेमोड केली. ४ जीबीच्या लॅपटॉपला आपण टाकाऊ म्हणतो तेव्हा ही गोष्ट आठवणीत असलेली बरी.

कड्यांपासून चिपपर्यंतची झेप रॉबर्ट डेनार्ड यांच्या कल्पनेने घडवली. ते आयबीएममध्ये होते, आणि १९६६ साली ज्या रचनेवर काम करत होते तिला एक बिट साठवायला सहा ट्रान्झिस्टर लागत. चुंबकीय मेमरीवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांची रचना किती साधी आहे हे पाहिल्यावर आपलीही तितकीच साधी असली पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात बसला. त्यातून एका बिटाला एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा कणभर साठा धरणारा एक कपॅसिटर, अशी मांडणी निघाली. तिचे पेटंट १९६८ मध्ये मिळाले. १९७० मध्ये इंटेलने ११०३ ही १,०२४ बिटांची चिप बाजारात आणली आणि कड्यांचे युग मावळायला लागले. या मांडणीची एक खोड आहे. कपॅसिटरमधला साठा झिरपत राहतो, म्हणून प्रत्येक बिट सतत वाचून पुन्हा भरावा लागतो, साधारणपणे ६४ मिलिसेकंदांत एकदा. लॅपटॉप झाकून ठेवला, झोपवला, तरी रॅम बॅटरी खाते ती यामुळे. जास्त रॅम म्हणजे थोडी जास्त वीज, हा व्यवहार तेव्हापासूनचा आहे.

लॅपटॉपमध्ये ही मेमरी सुरुवातीला ज्याच्या त्याच्या रीतीने आली. १९८५ च्या तोशिबा टी११०० मध्ये २५६ केबी होती, ती ५१२ केबीपर्यंत वाढवता येई. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तर कंपनीगणिक मेमरी कार्ड वेगळे असे आणि एकाचे दुसऱ्यात चालत नसे. मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने सोडिम हा आकार रूढ केल्यावर हे चित्र पालटले. दुकानात जिला सरळ ‘लॅपटॉप रॅम’ म्हणतात ती हीच, डेस्कटॉपच्या स्टिकच्या निम्म्या लांबीची, सुमारे ६८ मिलिमीटरची पट्टी. कोरियात बनलेली पट्टी तैवानच्या लॅपटॉपमध्ये लावायची सोय या एका मानकाने झाली, आणि लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या दुकानदाराला डझनभर ब्रँडच्या यंत्रांसाठी एकच डबा ठेवता आला. आपल्याकडे जुने लॅपटॉप इतकी वर्षे चालत राहिले त्याचे मोठे श्रेय मी या कंटाळवाण्या वाटणाऱ्या मानकाला देतो.

मानक एक असले तरी पिढ्या अनेक आहेत. डीडीआरचे मानक २००० मध्ये आले, डीडीआर२ चे २००३ मध्ये, डीडीआर३ चे २००७ मध्ये, डीडीआर४ चे २०१२ मध्ये आणि डीडीआर५ चे २०२० मध्ये. सोडिमवरचे सोनेरी संपर्क डीडीआर आणि डीडीआर२ मध्ये २००, डीडीआर३ मध्ये २०४, डीडीआर४ मध्ये २६० आणि डीडीआर५ मध्ये २६२ आहेत. व्होल्टेज उतरत गेले : २.५, १.८, १.५, १.२, १.१. लॅपटॉपच्या दृष्टीने या सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा उतरणारा आहे, कारण बॅटरी आणि उष्णता दोन्ही त्यावर अवलंबून असतात. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. तशी बसू नये म्हणूनच कडेची खाच दरवेळी सरकवलेली असते. डीडीआर आणि डीडीआर२ यांचे संपर्क सारखेच २०० आणि खाचेतला फरक अगदी थोडा, त्यामुळे त्या काळातल्या यंत्रांत जोर लावून स्लॉट मोडल्याचे नमुने दुरुस्तीवाल्यांकडे पुष्कळ येत. हाताला अडल्यासारखे वाटले की थांबायचे, एवढा नियम पाळला तरी निम्मे नुकसान टळते.

डीडीआर३ वर जरा थांबतो, कारण आज ‘जुना’ म्हणून समोर येणाऱ्या लॅपटॉपपैकी फार मोठा भाग या पिढीचा आहे. आत आधीपासून असलेली स्टिक बाहेर काढून तिच्यावरचे लेबल वाचा. समजा त्यावर ‘४जीबी २आरएक्स८ पीसी३एल-१२८००एस-११’ असे छापलेले आहे. ४ जीबी ही क्षमता. २आर म्हणजे चिपच्या दोन रांगा, म्हणजे दोन रँक. एक्स८ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी आठ बिट देते. पीसी३ म्हणजे डीडीआर३. १२८०० हा दर सेकंदाला मेगाबाइटमध्ये मोजलेला वेग. त्याला आठाने भागले की १६०० मिळतात, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ‘सोळाशेची रॅम’. शेवटचा एस म्हणजे सोडिम. ११ हा मागणी आणि उत्तर यांच्यामधला विलंब, घड्याळाच्या ठोक्यांत. आणि मधला तो एकटा एल, ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही, तो सांगतो की ही पट्टी १.३५ व्होल्टवर चालते. २०१३ पासूनच्या चौथ्या पिढीच्या, नावामागे यू असलेल्या इंटेल प्रोसेसरांना एल लागतोच. त्यांच्यात १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ लावली तर पडदा काळाच राहतो, आणि माणूस समजतो की बोर्ड गेला. उलट बाजूने अडचण नाही. एल असलेली पट्टी १.५ व्होल्टच्या जुन्या यंत्रातही चालते. म्हणून डीडीआर३ घेताना शंका असेल तर एलच घ्यावी.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. लॅपटॉप स्लो झालाय, हँग होतोय, ही तक्रार घेऊन दुकानात गेलेल्या माणसाला आपल्याकडे तीनांपैकी एक उत्तर मिळते : फॉरमॅट मारू, रॅम टाकू, एसएसडी टाकू. तिन्ही उत्तरे कधी ना कधी बरोबर असतात. कोणते कधी, हे सांगण्यासाठी यंत्रात काय चालले आहे ते पाहावे लागते. रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यातला काही भाग डिस्कवर लिहून जागा मोकळी करते आणि लागेल तेव्हा परत वाचते. रॅममधून काही काढायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कवरून काढायला सुमारे १० मिलिसेकंद. फरक लाखपटीचा आहे. ४ जीबीचा, हार्ड डिस्कवाला लॅपटॉप दहा-बारा टॅब उघडले की श्वास अडकल्यासारखा थांबतो आणि डिस्कचा दिवा सतत लुकलुकत राहतो, तो या देवाणघेवाणीपायी. एसएसडी टाकली की हा फरक हजारपटीच्या आसपास येतो. त्रास कमी होतो, रॅमची उणीव मात्र जागेवरच राहते, आणि एसएसडीवर लिहिण्याचे ओझे वाढते.

तेव्हा निदानाची रीत अशी : आपले रोजचे काम जसेच्या तसे सुरू करा, नेहमीचे सगळे प्रोग्राम उघडा आणि मग विंडोजमधल्या टास्क मॅनेजरचे मेमरीचे पान पाहा. तिथे किती रॅम वापरात आहे, किती स्लॉट भरलेले आहेत, वेग किती आहे, हे सगळे लिहिलेले असते. काम करताना वापर सतत ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम वाढवा. पन्नास-साठ टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर असेल, तर आधी एसएसडी. दोन्ही निवांत असून प्रोसेसर दमलेला असेल तर तो पैसा वाचवा आणि पुढच्या यंत्रासाठी ठेवा. लिनक्समध्ये ‘मोकळी’ या रकान्यातला आकडा पाहून पुष्कळ जण घाबरतात. ऑपरेटिंग सिस्टिम रिकाम्या रॅममध्ये वाचलेल्या फाइली जपून ठेवते, ते चांगलेच आहे. पाहायचा तो ‘उपलब्ध’ हा रकाना.

यंत्राच्या मर्यादा हा पुढचा डोंगर. ३२ बिटांच्या विंडोजला चार जीबीपलीकडे पत्ताच लिहिता येत नाही आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स आणि इतर उपकरणांच्या पत्त्यांत जातो, म्हणून ४ जीबी लावूनही सव्वातीन दिसतात. हे सॉफ्टवेअरचे बंधन, ६४ बिटांची सिस्टिम टाकली की सुटते. इंटेलच्या ९४५ चिपसेटच्या काळातल्या लॅपटॉपमध्ये मात्र हेच बंधन चिपसेटमध्ये होते. त्यांत ४ जीबी लावा, ६४ बिटांची सिस्टिम टाका, तरी तीनच्या आसपास अडते. अशा यंत्रावर आणखी खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसरी गोष्ट गेल्या काही वर्षांतल्या मध्यम किमतीच्या लॅपटॉपची : ४ किंवा ८ जीबी बोर्डवर सोल्डर केलेली आणि शेजारी एक स्लॉट रिकामा. विकत घेताना हे कोणी सांगत नाही. या पुस्तकाच्या नावातला रिकामा स्लॉट तो, आणि पुष्कळ घरांत तो अजून रिकामाच आहे.

या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे वेगवेगळे पंथ आहेत. पहिला छापील मर्यादेचा. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आहे तेवढेच, त्याच वेगाचे, शक्य तर त्याच ब्रँडचे लावायचे. कार्यालये आणि बँका यांनी असेच वागावे, त्यांना प्रयोग परवडत नाहीत. दुसरा पंथ मर्यादा तपासून पाहणाऱ्यांचा. आठची मर्यादा असलेल्या मॅकबुकमध्ये सोळा चालते हे यांनीच शोधले. कंट्रोलरची क्षमता, चिपची घनता, यंत्र सुरू करणाऱ्या बायोसची आवृत्ती यांचा हे बारकाईने अभ्यास करतात. मला हा पंथ सर्वांत आवडतो, कारण त्यांनी केलेले यशस्वी आणि फसलेले दोन्ही प्रयोग ते उघडपणे नोंदवून ठेवतात. तिसरा पंथ काटकसरीचा. त्यांचे म्हणणे असे की रॅम वाढवण्याआधी तिची भूक कमी करा : एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप असलेले लिनक्स घ्या, सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्राम बंद करा, झेडरॅम वापरा. रॅममधलाच मजकूर दाबून लहान करण्याची ही युक्ती आता सगळीकडे आहे. मॅकमध्ये ती २०१३ मध्ये आली, लिनक्सच्या कर्नलमध्ये झेडरॅमच्या रूपाने २०१४ मध्ये आणि विंडोज १० मध्ये २०१५ मध्ये.

चौथा पंथ सोल्डरवाल्यांचा, आणि त्यांच्या कसबाविषयी मराठीत जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही. बोर्डवर जडवलेली रॅम बदलायची म्हणजे गरम हवेच्या यंत्राने चिप सोडवायच्या, खालच्या जागा साफ करायच्या, नव्या चिपचे कथलाचे मणी एकेका बिंदूवर जुळवायचे आणि पुन्हा तापवून बसवायचे. एवढ्याने भागत नाही. बोर्डवर काही बारीक रेझिस्टर असतात, त्यांच्या जागांवरून बायोसला कळते की कोणत्या क्षमतेच्या चिप लावलेल्या आहेत. ते हलवले नाहीत तर नवी रॅम असूनही यंत्र जुन्याच आकड्यावर राहते, किंवा सुरूच होत नाही. आपल्या शहरांतल्या बाजारांत मायक्रोस्कोपखाली हे काम करणारे कारागीर आहेत. त्यांच्या कामाला धोका आहे, हमी थोडी आहे, आणि घरी करायचे हे काम मुळीच नाही. तरी त्यांचे ज्ञान नोंदवले गेले पाहिजे, म्हणून पुस्तकात त्याला जागा दिली आहे.

कंपन्या सोल्डर का करतात, याचे उत्तर केवळ लोभ असे देऊन मोकळे होणे बरोबर नाही. कमी विजेवर चालणारी एलपीडीडीआर ही रॅम प्रोसेसरच्या अगदी जवळ लागते. स्लॉट आणि लांब तारा मध्ये आल्या की इतक्या कमी व्होल्टेजवर आणि इतक्या वेगाने सिग्नल नीट टिकत नाही. बॅटरीचे काही तास आणि जाडीचे काही मिलिमीटर यांतून खरोखर मिळतात. त्याची किंमत ग्राहक पुढे मोजतो, आणि जास्त रॅमच्या मॉडेलसाठी कंपनी मागेल तो फरक त्याला पहिल्याच दिवशी द्यावा लागतो. या कोंडीवर उपाय निघतो आहे. डेलने २०२२ मध्ये प्रिसिजन मालिकेत कॅम नावाचे सपाट, स्क्रूने आवळायचे मॉड्यूल आणले. त्यावर आधारलेले कॅम२ हे मानक जेडेकने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच घराण्यातले, एलपीडीडीआर वापरणारे मॉड्यूल २०२४ च्या थिंकपॅड पी१ मध्ये बसले. पहिल्यापासून मालकाने उघडावा म्हणूनच बनवलेला फ्रेमवर्क लॅपटॉप २०२१ पासून विकला जातो आहे. दुरुस्त होणारे यंत्र पातळही असू शकते, याचा तो पुरावा आहे.

हे सगळे आत्ताच मराठीत मांडायची निकड कशासाठी? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम पुरते, अडते ते टीपीएम २.० या सुरक्षा-चिपवर आणि प्रोसेसरच्या यादीवर, जी इंटेलच्या आठव्या पिढीच्या आसपास सुरू होते. म्हणजे त्याआधीच्या लॅपटॉपमध्ये कितीही रॅम भरली तरी तो अधिकृतपणे विंडोज ११ च्या पात्रतेत येत नाही. हे स्पष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते, कारण ‘रॅम टाका, विंडोज ११ चालेल’ असे सांगून विक्री होते. अशा यंत्राला खरा दुसरा जन्म मिळतो तो रॅम, एसएसडी आणि लिनक्स या तिघांच्या जोडीने. देवनागरीत टाइप करायला, शाळेचे व्हिडिओ पाहायला, दुकानाचा हिशोब ठेवायला तो पुढची कित्येक वर्षे पुरेसा आहे.

दुसरे कारण भाव. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे डेनार्ड यांच्या मांडणीची मेमरी, आज सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एके काळी या यादीत कितीतरी नावे होती. खुद्द इंटेल १९८५ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली, जर्मनीची किमोंडा २००९ मध्ये बुडाली, जपानची एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि मायक्रॉनकडे आली. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीची प्रचंड मागणी केली तेव्हा या तिघांनी आपली क्षमता तिकडे वळवली आणि साध्या स्टिकचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. आपल्या मॉडेलला कोणती रॅम चालेल हे सांगणारी क्रूशियलची यादी जगभरच्या हौशी दुरुस्तीवाल्यांचा आधार होती. असे आधार सुटतात तेव्हा ती माहिती आपल्या भाषेत, आपल्या हाताशी असावी लागते. भाव चढल्यावर जुन्या, काढलेल्या स्टिक नव्या म्हणून विकल्या जाण्याची शक्यताही वाढते. सोनेरी संपर्कांवर स्लॉटचे ओरखडे आहेत का हे पाहायची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

तिसरे कारण कचऱ्याचे. लॅपटॉप आपल्या आयुष्यात जेवढे प्रदूषण करतो त्यातला बहुतांश भाग तो बनतानाच झालेला असतो. आपल्या देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. नियम आणि पोर्टल यांचे मी स्वागत करतो. पण घरातले यंत्र आणखी पाच वर्षे चालवणारा माणूस त्या दिशेने सर्वांत मोठे पाऊल टाकत असतो.

पुस्तकाचा वाचक डोळ्यांपुढे आहे तो असा : लॅपटॉप आतून कधी न पाहिलेला, पण पाहायची इच्छा असलेला. विद्यार्थी, शिक्षक, गावातला डीटीपीवाला, मुलाचा जुना लॅपटॉप वापरणारे आजोबा. त्यांना आत नेताना मी घाई केलेली नाही. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, आतली असेल तर तिचा कनेक्टर सोडवा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कोरड्या हवेत हाताने एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा. स्लॉटच्या दोन बाजूंच्या चिमट्या एकाच वेळी बाहेर सरकवल्या की जुनी स्टिक आपोआप तिरकी वर उचलली जाते. नवी त्याच तिरक्या कोनात, खाच जुळवून, सोनेरी संपर्क जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत आत सरकवायची. मग कडांवर, चिपवर नव्हे, दोन बोटांनी खाली दाबायची. दोन्ही चिमट्यांचा ‘टक’ ऐकू आला पाहिजे. पहिल्यांदा सुरू करताना काही लॅपटॉप मेमरीचा आकडा बदलल्याचे कळवतात, काही मिनिटभर गप्प राहतात. काहीच झाले नाही तर आधी स्टिक काढून पुन्हा बसवा. संपर्क मळले असतील तर खोडरबरने हलके घासून कण पूर्ण झटका. आमचे दुरुस्तीवाले वर्षानुवर्षे हेच करत आले आहेत आणि बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते. शेवटी मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर स्टिक परत करा, कारण खराब रॅम फाइली गुपचूप बिघडवते.

मॉडेलनिहाय जंत्री पुस्तकात देण्याचा मोह मी टाळला आहे. जंत्री लवकर शिळी होते, आणि जंत्रीवर विसंबणारा वाचक पुढच्या यंत्रापाशी पुन्हा अडतो. त्याऐवजी मोजकी यंत्रे निवडून ती पूर्ण उघडून दाखवली आहेत, म्हणजे तीच रीत वाचकाला आपल्या यंत्रावर वापरता येईल. दोन स्टिक जोडीने लावल्याने ग्राफिक्सला किती फायदा होतो, ४ आणि ८ अशी विजोड जोडी केव्हा चालते, मॅकमध्ये वेगळे काय, या चर्चा त्या त्या यंत्रासोबत येतात. डेस्कटॉप आणि सर्व्हर यांना हात लावलेला नाही.

पुढचे पान उलटण्याआधी एक काम करा. लॅपटॉपच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक, आत आज असलेली रॅम, एकूण स्लॉट आणि त्यांतले भरलेले किती, हे चार तपशील या पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. प्रत्येक प्रकरण वाचताना ते लागणार आहेत.